कच्च्या सुताचा फेरा

केळापूरच्या देवीच्या पायऱ्या उतरून पिराच्या दर्ग्याशी जायचं म्हटलं तर तोंडातलं पानसुद्धा संपत नाही, एवढंच ते अंतर. परवा नातवाच्या गाडीतून गेले तर तो म्हणाला, आजी, गाडी कशाला काढायची, हे काय समोरच आहे. ते समोरचं ठिकाण गाठायला आम्हाला जवळजवळ महिना पुरला नव्हता, हे गाडीच्या दारात उभं राहून त्या पोराला काय सांगायचं? शिवाय मी एकदा सांगायला लागले की थांबत नाही अशी माझी घरात ख्याती आहे. म्हणून इथं लिहिते. कागद मध्येच उठून फोन घ्यायला जात नाही.

केळापूर तेव्हाही खेडंच होतं, पण तालुका त्याच्या नावाचा, आणि गावाचा ताठा राजधानीचा. पूर्वी इथं मोठं नगर होतं हे तिथलं शेंबडं पोरही सांगायचं. नांगराला जुन्या विटा लागत. म्हातारी माणसं हात लांब करून वेशी दाखवत, ही हत्तीची, ती बाजाराची, आणि हाताच्या टोकाला पाहावं तर तुरीचं शेत असायचं. त्या नगरातलं चालतं-बोलतं असं तीनच उरलं होतं. टेकाडावर देवीचं देऊळ, खाली चिंचेच्या बनात पिराचा दर्गा, आणि दोहोंच्या मधोमध पायऱ्यांची एक जुनी विहीर. विहिरीचं पाणी कोणी पीत नसे. तिच्या कोनाड्यांतून पारवे राहत आणि दिवसभर घुमत.

आमचं घर पांढरकवड्यात होतं, कापसाच्या जिनाच्या मागल्या गल्लीत, भाड्याचं. बाबा जिनातल्या काट्यावर कारकून होते. हंगाम सुरू झाला की सरकी काढणाऱ्या रेच्यांची घरघर भिंतीतून आत यायची आणि आमची झोपही त्या घरघरीवरच लागायची. रविवारी जिन बंद असला की मला चुकल्यासारखं होई. कापसाचे पुंजके उडून वरणात पडत, आई ते बोटानं काढी आणि म्हणे, "मालकानं पगारात धरलं असन हे बी." आई बोलकी होती. साधी बोलकी नाही. भाजीवालीला ती तिच्या सुनेच्या माहेरापर्यंत विचारून यायची, आणि घरी येऊन ते सगळं त्या बाईच्या आवाजात आम्हाला सांगायची. बाबा त्यामानानं मुके. ते जेवताना नुसतं हूं हूं करत. आत्या, म्हणजे बाबांची धाकटी बहीण, लहानपणीच विधवा होऊन आमच्याकडे आलेली, ती म्हणायची, "वहिनी, भाऊच्या वाटचं बी तुम्हीच बोलून टाकता." आणि आई म्हणायची, "मंग काय, त्याइचा हिस्सा वाया जाऊ देऊ?"

त्या वर्षी श्रावणात आईला मुलगा झाला. माझ्यानंतर फार वर्षांनी झालेला, म्हणून सगळ्यांच्या नवसाचा. त्याचं नाव ठेवलं होतं, पण घरात त्याला सगळे ठोंब्याच म्हणायचे, कारण तो नजर लागावी इतका गुटगुटीत होता. दसरा झाल्यावर त्याला ताप आला आणि दोन दिवसांत तो गेला. एवढ्याशा लेकराला जाळत नाहीत. बाबांनी त्याला फडक्यात घेऊन नाल्याकाठी पुरून आणलं. ते परत आले तेव्हा आई चुलीपुढे बसली होती. तिनं त्यांच्या रिकाम्या हातांकडे पाहिलं, आणि त्या दिवसापासून ती बोलली नाही. रडली असती तर बरं झालं असतं असं बायका म्हणत. ती रडलीही नाही. तिच्या हातात घास दिला तर तो तसाच धरून ती बसून राही. आणि दोनदा ती घरातून उठून गेली, दोन्ही वेळा गल्लीतल्या विहिरीच्या काठाशी सापडली, वाकून उभी. दुसऱ्या वेळी आत्यानं तिला मिठी मारून मागे ओढलं. त्यानंतर आमच्या घराला दिवसाही आतून कडी लागायला लागली.

मोठे बाबा यवतमाळला तहसिलीत होते. बाबांचे थोरले भाऊ. बंद गळ्याचा कोट, हातात छत्री, पाऊस असो नसो. आमच्या घरात त्यांचा शब्द खाली पडत नसे, कारण तो उचलून धरायला बाबा होतेच. ते आले, आईला समोर बसवून दोन-तीन प्रश्न विचारले, तिनं उत्तर दिलं नाही तसे उठले आणि म्हणाले, "नागपूरले नेऊन टाकू. मी कागद करतो." नागपूर म्हणजे पागलखाना. आमच्या गल्लीतली एक बाई तिथं गेली होती. तिच्या घरात तिचा विषयही कोणी काढत नसे, तिची लुगडी बोहारणीला गेली होती. मी मोठ्या बाबांच्या छत्रीकडे पाहत होते आणि मनात म्हणत होते की ही मोडावी, आत्ताच्या आत्ता मोडावी. आत्या त्यांच्या पाया पडली. केळापूरचा फेरा करून पाहू, म्हणाली, मग तुम्ही म्हणाल ते. मोठ्या बाबांचा देवावर विश्वास होता, त्यामुळे त्यांना नाही म्हणता आलं नाही. "येत्या अवसेपर्यंत," ते म्हणाले. "फेरा पुरा झाला तर घरी. नाही तर नागपूर." बाबा हूं म्हणाले.

फेरा असा होता. भ्रमलेल्या, मुक्या झालेल्या, झपाटलेल्या माणसाला सकाळी देवीपुढे आणायचं. त्याच्या डाव्या मनगटाला कच्च्या सुताचं एक टोक बांधायचं आणि दुसरं टोक त्याच्या रक्ताच्या माणसाच्या मनगटाला. बाई असेल तर तिच्या पोटच्या लेकराला. सूत घरच्याच कोणी कातलेलं लागे. देवळातला गुरव ते बांधी, आणि मग दोघांनी चालत दर्ग्यात जायचं. तिथं मुजावराची बायको ते सोडी आणि जाळीला बांधून टाकी. सूत न तुटता पोचलं की माणूस परत आलं म्हणायचं. वाटेत तुटलं की फेरा मोडला, परत दुसऱ्या दिवशी देवीपासून. हे कोणी ठरवलं, देवीच्या माणसांनी की पिराच्या, ते कोणाला ठाऊक नव्हतं आणि कोणी विचारतही नसे.

सूत माझंच होतं. आमच्या शाळेत कताईचा तास असायचा. टकळी फिरवायची, पेळूतून धागा ओढायचा, आणि गुरुजींनी धाग्याकडे पाहून मान हलवायची. माझं सूत वर्गात सगळ्यात वाईट. कुठं गांडुळाएवढं जाड, कुठं केसाएवढं बारीक. इतर पोरींच्या सुताचे रुमाल होत, माझ्या सुताच्या वाती. आणि आता आईचं घरी येणं त्याच्यावर होतं. आम्ही केळापूरच्या धर्मशाळेत उतरलो होतो; मी तिथल्या पडवीत बसून दिवसभर कातायची, टकळी जमिनीवर पडून पडून तिचं टोक बोथट झालं होतं. तुटलेल्या जागी थुंकी लावून जोडायची, मग आठवायचं की देवीपुढे जायचंय, मग ते फेकून पुन्हा कातायची. मी अकरा वर्षांची होते. घरात कोणी मला ओरडलं नाही, दटावलं नाही, आणि त्याचीच मला जास्त भीती वाटत होती.

धर्मशाळा म्हणजे टिनाखालची लांब पडवी. आत्यानं एका कोपऱ्यात तीन दगड मांडले. सकाळी ज्वारीची भाकर आणि अंबाडीची भाजी, संध्याकाळी भाकर आणि वरण. बाकीच्या चुली दुसऱ्यांच्या, आणि त्यांचे नवस फिटलेले. ते लोक बैलगाड्या घेऊन येत, गोवऱ्यांच्या आरात रोडगे भाजत, मोठ्या गंजात वांग्याची भाजी रटरटायची, तुपाचा वास टिनाखाली कोंडून राहायचा. जेवायला हाक मारत. आत्या नाही म्हणायची. दुसऱ्याच्या फिटलेल्या नवसाचं आपण कसं खायचं, असं तिचं काहीतरी होतं. एकदा एका म्हातारीनं माझ्या हातात गरम रोडगा कोंबला आणि मी तो देवळामागे जाऊन उभ्यानं खाल्ला. जीभ पोळली. आजही मला कोणी रोडग्यांचं आवतन दिलं की मी काहीतरी कारण सांगते. पोरं समजतात की आजीला पचत नाही.

आईला आत्या भरवायची. भाकर वरणात कुस्करून घास तोंडाशी न्यायची आणि म्हणायची, "चावा वहिनी. चावा. हं. आता गिळा." रोज रात्री आईच्या छातीला फडकं घट्ट बांधावं लागे, कारण तिचं दूध अजून आटलं नव्हतं. ते फडकं धुवायचं काम माझं. त्याचा आंबूस वास मला अजून ओळखता येईल.

पहिल्या दिवशी सूत देवळाच्या पायऱ्यांवरच तुटलं, माझ्याच ठेचेनं. मी रडले. गुरव म्हणाला, "होते पोरी असं. उद्या ये." दुसऱ्या दिवशी आम्ही विहिरीपर्यंत गेलो. आई माझ्या बाजूनं सरळ चालत होती, नजर पुढे, पाय उचलून टाकल्यासारखे. मी हात तिच्या हाताजवळ ठेवला होता, ताण पडू नये म्हणून. विहिरीच्या काठाशी आलो आणि ती वळली. एकदम, कोणी हाक मारल्यासारखी. टक् असा आवाजसुद्धा झाला नाही. सूत दोन्हीकडून लोंबायला लागलं आणि आई विहिरीच्या वरच्या पायरीवर जाऊन उभी राहिली. मागून येणारी आत्या धावली. तिसऱ्या दिवशी तेच. चौथ्या दिवशी तेच. मी सूत दुहेरी केलं, गुरवानं ते सोडून एकेरी करायला लावलं. आम्ही विहीर टाळून लांबून जायला पाहिलं, पण वाट ठरलेली होती, दगड रोवलेले होते, त्याच्या बाहेर फेरा धरत नसत. दर सकाळी मला वाटायचं की आज. विहीर जवळ आली की मी पुटपुटायची, आई वळू नको, आई वळू नको. आई वळायची.

मुजावराच्या बायकोला सगळे चाची म्हणत. ठेंगणी, पान खाणारी, हातात काळ्या मण्यांची माळ. आमचा फेरा कधी दर्ग्यापर्यंत पोचायचाच नाही, म्हणून तीच एक दिवस धर्मशाळेत आली आणि आईपुढे फतकल मारून बसली. तिनं आईची हनुवटी उचलून पाहिली. आत्यानं तिला विचारलं, "चाची, हे सूत असं तुटतच राह्यलं तं कसं होईन? जराशीक मजबूत सुतळी बांधली तं काय बिघडलं?"

चाची हसली. तिचे दात लाल होते. "मंग दावणीलेच बांध नं बाई. गाय हाय का ते?"

"पन अवस आली न जवळ."

"येऊ दे. अवस दर महिन्याले येते." मग ती माझ्याकडे वळली. "बेटा, तुयी माय हिरीपाशी कायले थांबते?"

आत्याच खालच्या आवाजात म्हणाली, "जीव द्याले. घरी बी दोनदा गेलती."

"मले पोरीले पुसू दे," चाची म्हणाली. पण मलाही आत्यासारखंच वाटत होतं, आणि ते तोंडानं म्हणायची माझी छाती नव्हती. चाची उठताना गुडघ्यावर हात ठेवून म्हणाली, "पाय एक बार. जरा पाय." मी काय पाहायचं ते तिनं सांगितलं नाही. मला तिचा राग आला. मोठी माणसं कोडी घालतात आणि आपण जेवायला निघून जातात.

बाबा जिन सुटल्यावर सायकलनं यायचे, आत्याकडून फेरा मोडल्याचं ऐकायचे, हूं म्हणायचे, आईपुढे थोडा वेळ बसायचे आणि परत जायचे. एकदा त्यांनी तिच्यासाठी शेवेची पुडी आणली होती. तिला बाजारातली शेव आवडायची. पुडी त्यांनी तिच्या मांडीवर ठेवली आणि ती तशीच राहिली, मुंग्या लागेपर्यंत. बाबांच्या अंगावर कपडे सैल व्हायला लागले होते. त्यांच्या भुवयांवर कापसाची पांढरी लव असायची आणि ती पुसायचंही त्यांच्या लक्षात राहत नसे.

अवसेच्या सकाळी बाबा लवकर आले. मोठे बाबा यवतमाळहून आले होते आणि थेट दर्ग्याशी जाऊन बसले होते, फेरा पोचतो का ते पाहायला. बैलांची दमणीही सांगून ठेवली होती. ती आईला घेऊन पांढरकवड्याला परत जाणार की नागपूरच्या मोटारीला, हे दुपारच्या आत ठरायचं होतं. आत्या आईला आंघोळ घालत होती. बाबांनी मला देवळामागे बोलावलं आणि खिशातून सुताची गुंडी काढली. ती माझीच होती, आदल्या दिवशी त्यांनी मागून नेलेली. पण हातात घेतली तर ती ताठ लागली. माझ्या सुताच्या पोटात त्यांनी कापसाची बोदरी, म्हणजे मोठी पोती, शिवायचा दोरा घातला होता, वरून माझं सूत वळून खळ चोळली होती. रात्रभर बसून केलं असावं, इतकं ते सफाईदार होतं. माझ्या सुतापेक्षा कितीतरी चांगलं दिसत होतं.

"बाबा, हे चालन का?" मी विचारलं.

"गुरवाले नाही समजत."

"देवीले?"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं नाही. "देवीले लेकरं हायेत," ते म्हणाले. "ते समजून घेईन. शके, मले आता काही सुचत नाही. एक बार पोचली पाहिजे न ते. फक्त एक बार." त्यांचा आवाज इतका फाटला होता की मी गुंडी घेतली. त्यांच्या जागी मी असते तर मी लोखंडाची साखळी आणली असती. आजही मला त्यांचा राग येत नाही. राग येतो तो त्या कोटाचा आणि छत्रीचा.

गुरवानं बांधलं. त्याला कळलं की नाही देव जाणे. त्यानं गाठ मारताना एकदा बोटानं दोरा चोळला आणि बाबांकडे पाहिलं, मग माझ्या कपाळाला कुंकू लावलं. आम्ही निघालो. आत्या मागे, बाबा तिच्या मागे. थंडी होती, पायाखाली दव होतं, चिंचेच्या बनातून दर्ग्याचा पांढरा चुना दिसत होता आणि त्याच्या पायरीवर मोठ्या बाबांचा काळा कोट. मी पहिल्यांदाच न घाबरता चालत होते. तुटणार नाही हे मला ठाऊक होतं. मी आईच्या तोंडाकडे पाहत चालले होते, आधी नेहमी सुताकडे पाहायची. म्हणून मला दिसलं. विहीर यायच्या आधीच तिची मान किंचित कलली. पारवे घुमायला लागले होते. गळ्यात दाटून आल्यासारखा त्यांचा तो घुं घुं, आणि आईच्या चोळीवर दोन ओले डाग पसरत चालले होते, फडक्यातून बाहेर. पोट भरल्यावर ठोंब्या असाच आवाज करायचा. गल्लीतल्या विहिरीतही पारवे होते. आई पाणी पाहत नव्हती. ती ऐकत होती.

मला हे आत्याला ओरडून सांगायचं होतं, पण तेवढ्यात आई वळली. दोरा ताणला गेला आणि तुटला नाही. मला हिसका बसला. आई पायऱ्या उतरायला लागली, भराभर, आणि मी तिच्यामागे फरफटत, पहिल्या दोन पायऱ्या पायांवर, पुढच्या गुडघ्यांवर. पारवे फडफडत वर उडाले. मी आई, आई म्हणत होते. दोरा मनगटात रुतत गेला, आधी आग झाली आणि मग काही वाटेनासं झालं. एका पायरीवर माझं डोकं आपटलं आणि मी आडवी झाले, माझ्या वजनानं तिचा हात मागे खेचला गेला. आई थांबली.

तिनं आपल्या मनगटाकडे पाहिलं. दोऱ्याकडे पाहिलं, आणि तो कुठं जातो ते पाहत पाहत तिची नजर माझ्यापर्यंत आली. दोरा लाल झाला होता. ती दोन पायऱ्या वर चढून आली, बसली, माझा हात तिनं मांडीवर घेतला.

"लागलं का वं?" ती म्हणाली.

आवाज तिचा नव्हता, गंजलेल्या कडीसारखा होता. पण शब्द होते. तिनं दोरा बोटानं तोडून पाहिला, तुटेना. मग तिनं तोंड खाली नेलं आणि तो दातांत धरला.

वरून बाबा ओरडले. "तोडू नको. तोडू नको वं, तुया पाया पडतो, तोडू नको." ते पायऱ्या उतरत होते, हात जोडलेले. त्यांना तिचे शब्द ऐकू गेले नव्हते. त्यांना फक्त दोरा दिसत होता, आणि दर्ग्याच्या पायरीवर बसलेला भाऊ. ज्या बाईच्या एका शब्दासाठी ते रोज सायकल मारत येत होते ती बोलली होती आणि ते तिला गप्प करत होते. आईनं दोरा चावून तोडला. मग पदर फाडून माझं मनगट बांधलं, घट्ट, नीट, पूर्वी कापल्यावर बांधायची तसंच.

दर्ग्यापर्यंत आम्ही गेलो. आईनं माझा बांधलेला हात धरला होता आणि ती विहिरीकडे वळली नाही. मोठे बाबा उठून उभे राहिले. "सूत कुठी हाय?" त्यांनी विचारलं.

"बोलली ते दादा," आत्या म्हणाली. तिनं वरून ऐकलं होतं. ती रडत होती. "शकूले बोलली."

मोठे बाबा आईपुढे आले. "बोल," ते म्हणाले. आई त्यांच्या कोटाच्या बटणाकडे पाहत राहिली. "मले तं काही ऐकू येऊन नाही राह्यलं," ते म्हणाले. "फेरा मोडला. काय चाची, मोडला की नाही?"

चाचीनं आईच्या मनगटावरचं लोंबतं टोक हातात घेतलं, नखानं उकललं, आतला दोरा बाहेर काढला. मग तिनं बाबांकडे पाहिलं. बाबांनी मान खाली घातली. मला वाटलं आता सगळ्यांदेखत ती त्यांचं नाव काढणार. ती एवढंच म्हणाली, "हा फेराच नाही झाला. बसलाच नाही तं मोडन कसा?"

"म्हणजे नाहीच झाला न," मोठे बाबा म्हणाले. "चला. मोटार जाईन."

आई माझा हात सोडत नव्हती. आत्या मधे आली, तिला मोठ्या बाबांनी छत्रीनं बाजूला केलं. आणि मग माझे बाबा, ज्यांनी उभ्या जन्मात थोरल्या भावाला हूं सोडून दुसरा शब्द ऐकवला नव्हता, ते पुढे झाले. त्यांनी छत्रीचं टोक धरलं. "नाही दादा," ते म्हणाले. "नाही धाडत. घरी नेतो." मोठे बाबा काही बोलणार होते. बाबांनी छत्री सोडलीच नाही. दोघं भाऊ ती छत्री दोन्हीकडून धरून इतका वेळ उभे होते की शेवटी मुजावरानं त्यांना पाणी आणून दिलं. मोठे बाबा नंतर दोन वर्षं आमच्याकडे आले नाहीत. बाबांना त्याचं वाईट वाटायचं, मला नाही.

आई घरी आली. चांगली झाली असं मी लिहिणार नाही, कारण ती झाली नाही. ती स्वयंपाक करू लागली, दार उघडं राहू लागलं, पण जी बाई भाजीवालीच्या आवाजात बोलायची ती केळापुरातून परत आलीच नाही. तिच्याजवळ शब्द मोजकेच उरले, मीठ, दिवा, आली का, जा. बाबा तिच्यापुढे बसून बोलायला शिकले. काट्यावर काय झालं, गाडीवान कसा भांडला, सगळं सांगायचे, हातवारे करून, आणि त्यांना ते जमायचं नाही. ती ऐकायची की नाही कोण जाणे. आणि रोज, मी शाळेतून आले की ती माझं मनगट हातात घ्यायची, दोऱ्याचा वळ उलटसुलट करून पाहायची आणि विचारायची, "लागलं का वं?" मी नाही म्हणायची. लग्नात कासार चुडा भरत होता तेव्हाही तिनं विचारलं. माझ्या पहिल्या बाळंतपणात तर तिनं लेकराआधी मनगट पाहिलं. नातेवाईक हसायचे. मीही पुढे पुढे पदर खोचता खोचता, तिच्याकडे न पाहताच, नाही आई, म्हणून मोकळी व्हायची.

बाबा गेले तेव्हा मी चाळिशी ओलांडली होती. शेजारच्या बायका आल्या आणि त्यांनी आईच्या बांगड्या उतरवल्या. आईनं हात पुढे करून ठेवला होता, निमूट. लग्नापासून कधी रिकामं न राहिलेलं ते मनगट मी पहिल्यांदा उघडं पाहिलं. त्याच्यावर वळ होता. माझ्यासारखाच, गोल, माझ्यापेक्षा रुंद, कारण माझं सगळं वजन त्या हातानं पायरीवर तोलून धरलं होतं. इतकी वर्षं तो काचेच्या बांगड्यांखाली होता. बायका उठून गेल्यावर मी तिच्याजवळ बसले आणि ते मनगट हातात घेतलं.

"आई," मी म्हणाले, "तुले लागलं होतं का वं?"

तिनं माझ्याकडे पाहिलं. बाहेर पत्र्यावर कुठंतरी पारवा घुमत होता.

"लय लागलं वं, माय," ती म्हणाली.